हातचा

ईपोहच्या टपाल कार्यालयातून आम्ही एकाच दिवशी निवृत्त झालो,
मोख्तार आणि मी, थियाम हुआत.
चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पाकिटांवर शिक्के मारलेले हात.
दुपारी एकाच कंपनीच्या दारात उभे राहिलो,
प्रत्येकी वीस हजार रिंगिट घेऊन.
त्यानं शरियतवाला फंड घेतला, मी साधा.
काउंटरवरच्या मुलीनं दोघांना एकच पेन दिलं,
आळीपाळीनं,
आणि तळाशी तीच मुंगीच्या पायांची अक्षरं:
मागचा परतावा ही पुढची हमी नव्हे.

तेव्हापासून दर तिमाहीला कादरच्या टपरीवर,
कारण ती दोघांनाही चालायची.
दोन ग्लास ओढलेला चहा, दोन पाकिटं.
पाकीट आम्ही अंगठ्यानं उघडायचो;
डिंक कुठे दगा देतो, हे टपालवाल्याला सांगावं लागत नाही.
मग डावं-उजवं.

त्याच्या यादीत बँका नाहीत, दारू नाही, जुगार नाही.
माझ्या यादीत अख्खं गाव,
सभ्य आणि असभ्य, एका पंगतीला.
तरी पाम तेल दोघांकडे, टेलिफोन दोघांकडे,
रबरी हातमोजे दोघांकडे.
"निम्मं घर सामाईकच की रे आपलं," मोख्तार म्हणे,
"भांडण फक्त माजघराचं."

दोन हजार आठ साली बँका कोसळल्या.
माझा कागद शंभराचे त्रेसष्ट दाखवत होता,
त्याचा चौऱ्याहत्तर.
त्या दिवशी चहाचे पैसे त्यानं दिले
आणि चकार शब्द काढला नाही.
तो न काढलेला शब्द मला वर्षभर टोचला.

पुढच्या वर्षी बँका उठल्या, त्यांच्याबरोबर मीही.
चहाचे पैसे मी दिले,
आणि बोललो.
जरा जास्तच बोललो.

एका ओळीवरून मात्र आम्ही तीन आठवडे अबोला धरला.
त्याच्या कागदावर शेवटून दुसरी:
शुद्धीकरण, चौदा रिंगिट साठ सेन.
कुठून तरी चिकटून आलेलं व्याज,
कंपनी वेगळं काढून दान करते.
मोख्तार वर स्वतःचे चाळीस सेन घालायचा,
पंधरा पुरे व्हावेत म्हणून,
आणि ते चाळीस सेन गोपेंगच्या पोरक्या मुलांच्या शाळेत
बसनं जाऊन देऊन यायचा.
बसचं भाडं तीन रिंगिट.
मी विचारलं, हे परताव्यातून वजा करायचं की नाही?
तुलना म्हणजे तुलना.
तो म्हणाला, वजा नको करू, हातचा धर.
मी म्हणालो, हातचा पुढच्या घरात मिळवतात, मोख्तार,
सोडून देत नाहीत.
तो म्हणाला, मग पुढचं घर कुठलं,
एवढंच तर आपलं डावं-उजवं.

महामारीत हातमोजे आभाळाला टेकले. त्याच्याकडे जास्त होते.
मग आभाळातून पडले. तेही त्याच्याकडेच जास्त.
त्या वर्षी चहा उधारीवर.

मे महिन्यात हस्निझा आली, बापाची वही घेऊन.
अठरा वर्षं, दोन रकाने, तिमाहीगणिक,
शिक्क्यासारखे सरळ आकडे.
"काका, शेवटी पुढे कोण होतं?"

मी चष्मा लावला. बेरीज केली, पुन्हा केली.
मार्चला रेघ ओढली तर तो.
जूनला ओढली तर मी.
एक वर्ष मागे सरकलो तर पुन्हा तो, थोडक्यात.
रेघ कुठे ओढायची हे ना त्यानं ठरवलं ना मी;
ती एप्रिलच्या चोवीस तारखेला
रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर कुणी तरी ओढली.

मुलीला सांगितलं, उन्नीसबीसचा फरक, पोरी.
ती हसली. वही ठेवून गेली.

रात्री दिव्याखाली पाहिलं तेव्हा दिसलं:
त्याच्या रकान्यावर, दर वर्षी, पेन्सिलीनं बारीक
हातचा पंधरा.
आणि माझ्या रकान्यावरही,
दर वर्षी,
पंधराच,
माझ्या नावानं दिलेले,
मला न सांगता,
कुठल्याच बेरजेत न घेतलेले.